कोच, तुमच्या उपांत्य सामन्याविषयी

कोच, काल संध्याकाळी अल रय्यानच्या आपल्या क्लबमध्ये तुमची शोकसभा झाली आणि मी तिथे तुमच्याविषयी गोड बोलून आलो. शिस्त, वक्तशीरपणा, मुलींवरची माया, असे सगळे. टेबल टेनिसची टेबले दुमडून भिंतीशी लावली होती आणि त्या जागी खुर्च्या मांडल्या होत्या. मी बोलून खाली उतरलो तेव्हा सेक्रेटरींनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "बॉस्कोभाई, आप बोलते हो तो दिल को ठंडक मिलती है," ते म्हणाले. मी मान लववली आणि जागेवर येऊन बसलो. माझ्या स्वतःच्या मनाला मात्र कसलाही गारवा नव्हता. मला तुमचा राग आला होता. नुकत्याच गेलेल्या माणसावर रागावणे आपल्याकडे शोभत नाही, म्हणून मी तो गिळून बसलो होतो.

माझ्यानंतर पडद्यावर ती जुनी चित्रफीत लावली. रंग विटलेले, चित्र थरथरणारे. तुम्ही ऐन विशीतल्या, केस कानापर्यंत कापलेले, टेबलापासून खूप मागे उभ्या आहात. समोरची परदेशी खेळाडू फटक्यावर फटके मारते आहे आणि तुम्ही जमिनीलगत वाकून तिचा प्रत्येक चेंडू परत पाठवता आहात. शेवटी ती थकते, तिचा चेंडू जाळ्यात जातो. तुम्ही बॅट हलकेच टेबलावर ठेवता आणि सारे प्रेक्षागृह उभे राहते. आपल्या क्लबमधल्या लहान मुलींनीही टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी माइकवर म्हणाले, "बॉर्न विनर! जगज्जेती अशी असते!"

तुमच्या अंतिम सामन्याची ही फीत सगळ्यांनी पाहिली आहे. त्याच्या आधीचा उपांत्य सामना कोणी दाखवत नाही. त्याविषयी तुम्ही मला सांगितले नसते, तर मीही काल सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवून, चहा पिऊन घरी आलो असतो. पण तुम्ही सांगितलेत. ज्या दोन मुलींचा उल्लेख पुढे येईल त्यांची मी परवानगी घेतली आहे. तुमची घेण्याची सोय आता राहिलेली नाही.

आपली ओळखच मुळी भांडणाने झाली. दिवसभर इस्पितळाच्या कार्यालयात फायली हलवायच्या आणि संध्याकाळी हौसेने पंचाच्या खुर्चीवर बसायचे, असा माझा क्रम होता. तुम्ही कतारमध्ये नव्याने आला होतात. तुमच्या एका विद्यार्थिनीने सर्व्हिस करताना चेंडू तळहातावरून सरळ वर न उडवता बोटांनी हळूच फिरवून उडवला आणि मी तिचा गुण समोरच्या मुलीला दिला. सामना संपताच तुम्ही तडक माझ्यासमोर येऊन उभ्या राहिलात.

"मिस्टर अंपायर, तुम्ही आधी ट्रॅफिक पोलीस होता का?"

"नाही मॅडम. मी वसईचा आहे."

"तिथे सगळे असेच असतात?"

"तिथे माझ्याहून वाईट आहेत."

तुम्ही हसला नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्या मुलीला कोपऱ्यात उभे करून सबंध संध्याकाळ फक्त चेंडू सरळ वर उडवायला लावलेत, असे मला कळले. या बाईंशी आपले जमेल, असे मला त्या क्षणी वाटले. जमलेही. बिन महमूद भागातल्या आमच्या लहानशा घरात तुम्ही जेवायला येऊ लागलात. फिलोमिनाने, माझ्या बायकोने, बिचकत बिचकत वाढलेले सुके बोंबील तुम्ही मुकाट्याने संपवलेत आणि विचारलेत, "हे घरी का लपवून ठेवलं होतं?" आपले बोलणे सगळे इंग्रजीत; घरातला एकच मराठी शब्द तुम्ही उचललात, तोही फिलोमिना आमच्या मुलीच्या, शॅरनच्या, अभ्यासामागे लागायची तेव्हाचा. मग टबभर चेंडू घेऊन एकामागून एक मुलींच्या अंगावर सोडताना तुम्ही त्याला अरबी 'चला' जोडून ओरडू लागलात: "परत! परत! यल्ला, परत!" केरळच्या, फिलिपिन्सच्या, इजिप्तच्या मुली आज मराठीचा तेवढा एक शब्द जाणतात तो तुमच्यामुळे.

आणि शॅरन. माझी मुलगी त्या वेळी क्लबातली सगळ्यात तापट मुलगी होती. चेंडू बाहेर गेला की बॅट मांडीवर आपटायची. ती पुढे येऊन फटके मारणारी खेळाडू होणार, असे आम्ही धरून चाललो होतो. तुम्ही तिला काही दिवस नुसते पाहिलेत आणि एके दिवशी तिच्या बॅटच्या एका बाजूचे रबर सोलून काढून तिथे लांब दाण्यांचे रबर चिकटवलेत. तुम्हीच मला समजावलेले इथे लिहितो, म्हणजे खेळ न जाणणाऱ्यालाही कळेल. गुळगुळीत रबर चेंडूला आपली फिरकी देते. लांब दाण्यांचे रबर समोरच्याचीच फिरकी उलटी करून त्याला परत देते. समोरचा जितका जोर लावेल तितका जड चेंडू त्याच्याकडे येतो, आणि तो खालून उचलून मारला नाही तर जाळ्यात पडतो. असा कापून परत दिलेला चेंडू म्हणजे चॉप.

"कोच, दॅट्स सो बोरिंग," शॅरन रडवेली होऊन म्हणाली होती.

"तू आईला उलट बोलतेस?"

"खूप."

"आई जोरात बोलली की तू अजून जोरात?"

"हो."

"झालं तर. तेच इथे करायचं. फक्त बॅटने."

त्या दिवसापासून माझ्या मुलीचा राग तुम्ही कामाला लावलात. याबद्दल मी तुमचा ऋणी आहे आणि कितीही संतापलो तरी ते ऋण नाकारणार नाही. मला राग येतो तो याचाच, की इतके देणाऱ्या बाईने पुढे जे केले ते अजाणतेपणी केले, असे म्हणायची मला सोय नाही.

द पर्ल बेटावरच्या एका हॉटेलात क्लबने तुमचा सत्कार ठेवला होता, ती संध्याकाळ आठवते? तिथेही हीच चित्रफीत लावली होती. ती सुरू होताच तुम्ही उठून बाहेर गेलात. शाल खुर्चीवर राहिली होती, ती घेऊन मी मागोमाग आलो. बोटी बांधलेल्या धक्क्याशी कठड्याला टेकून तुम्ही उभ्या होतात.

"आत तुमचंच कौतुक चाललंय," मी म्हणालो.

"माझं नाही. तिथली ती मुलगी वेगळी." आणि मग, मी काही विचारले नसताना, तुम्ही सांगू लागलात. उपांत्य सामन्यात तुमच्यासमोर तुमच्याच संघातली यिंग होती. लहानपणापासून एकाच खोलीत राहिलेली, एकाच ताटात जेवलेली. अंतिम फेरीत पलीकडून जी परदेशी खेळाडू येणार होती ती फटके मारणाऱ्यांना सहज हरवत असे आणि बचाव करणाऱ्यांपुढे गोंधळून जात असे. यिंग फटके मारणारी. तुम्ही बचाव करणाऱ्या.

"मग मीटिंग झाली," तुम्ही म्हणालात.

"कोणाची?"

"मोठ्यांची. आम्हाला चहासुद्धा बाहेर दिला. यिंगला आत बोलावून सांगितलं, उद्या लानला, म्हणजे मला, जाऊ दे. देशासाठी. मला कोणी काहीच सांगितलं नाही. फायनल जिंकल्यावर सांगितलं, तेही कौतुकानं. म्हणाले, बघ, टीम तुझ्यासाठी काय काय करते!"

कोच, मी आयुष्यात फार कमी वेळा मुठी आवळल्या आहेत. त्या धक्क्यावर आवळल्या होत्या. माणसाला हरायला सांगणे वाईट आहेच. पण जिंकलेल्याच्या हातून त्याचा विजय असा काढून घेणे, आणि वर त्याने आभार मानावेत अशी अपेक्षा करणे, याला मला शब्द सापडत नाही. ज्यांनी हे केले त्यांची नावे तुम्ही मला कधी सांगितली नाहीत. बरेच केलेत. ती माणसे बहुधा सन्मानाने निवृत्त झाली असतील.

"तिचे कितीतरी फटके टेबलाबाहेर पडले," तुम्ही म्हणालात. "मला एकेक चेंडू आठवतो. माझ्या फिरकीनं बाहेर गेले, की तिनं घालवले? फायनल मी जिंकले, ते ठीक. पण फायनलपर्यंत मी चालत गेले की मला उचलून नेलं?"

"यिंगला विचारलं नाहीत?"

"मी कशाला? तीच बोलली. बऱ्याच वर्षांनी, फोनवर. म्हणाली, लान, मी त्यांचं ऐकलं नव्हतं. मी खरी खेळले. तू मला हरवलंस."

"मग झालं तर!"

"काय झालं? यिंग फार चांगली मुलगी होती. चांगली माणसं असंच खोटं बोलतात. मी फोन ठेवला. नंतर तिचा फोन घेतला नाही."

तो आपला वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. मी म्हणायचो, यिंगला फोन करा. तुम्ही म्हणायचात, "तुम्ही तुमच्या फादरना फोन करा, माझी पापं मला राहू द्या." मी म्हणायचो, ती खरे बोलत असेल तर? तुम्ही म्हणायचात, "मिस्टर बॉस्को, तुम्ही अंपायर. चेंडू कुठे पडला ते तुम्हाला दिसतं. कोणी का पाडला ते दिसतं का?" मग तुम्ही "खलास" म्हणून विषय बदलायचात आणि फिलोमिनाकडे आणखी भात मागायचात.

जिने हे सगळे भोगले होते, तीच आपल्या क्लबमध्ये तेच करील, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

आखातातल्या मुलींच्या स्पर्धेसाठी क्लबकडून एकच नाव जायचे होते. निवड सामना शॅरन आणि निमिषा यांच्यात होता. निमिषा त्रिशूरची, शॅरनची दुहेरीतली जोडीदार आणि जिवाभावाची मैत्रीण, आक्रमक खेळणारी आणि सगळ्यांच्या मते शॅरनपेक्षा सरस. मी बाप म्हणून प्रेक्षकांत बसलो होतो. शॅरन जिंकली. निमिषाचे फटके त्या दिवशी वारंवार टेबलाबाहेर जात होते. ते मी पाहिले होते, कोच, आणि मला नवल वाटले नाही, आनंद झाला. त्या आनंदाची मी पुढे अनेकदा उलटतपासणी केली आहे. चर्चमध्ये शुक्रवारच्या मिस्सेत छातीवर हात मारून क्षमा मागताना मला हमखास ते बाहेर पडणारे चेंडू आठवतात. तुमच्याखेरीज ज्याला उपांत्य सामन्याची हकीकत ठाऊक होती अशा त्या सभागृहातल्या एकमेव माणसाला शंका यायला हवी होती. माझ्या मुलीचे नाव पुकारले जात होते, म्हणून ती आली नाही.

शॅरन स्पर्धेला गेली, पदक घेऊन आली. विमानतळावर फिलोमिनाने तिला हार घातला. सेक्रेटरींनी पदक फितीला धरून सगळीकडे फोटो काढून घेतले. आणि मग, काही महिन्यांनी, क्लबच्या बसमध्ये कोणीतरी सहज बोलून गेले: "निमिषाने ती मॅच सोडली होती. कोचनेच सांगितलं होतं."

शॅरन तशीच बसमधून उतरून तुमच्याकडे आली. तुम्ही चेंडू गोळा करत होतात. तिने विचारले, हे खरे का? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मेडल तुझ्याकडे आहे ना? मग खलास."

कोच, तुम्ही तिला काहीही सांगू शकला असतात. हो म्हणाला असतात तर ती तुमच्याशी भांडली असती आणि मोकळी झाली असती. नाही म्हणाला असतात तर तिने तुमच्यावर विश्वास ठेवला असता. तुम्ही मात्र तिला तेच दिलेत जे तुम्हाला दिले गेले होते. एका वाक्यात तिच्या पदकातला जीव काढून घेतलात आणि पदक तिच्याच हातात ठेवलेत. शॅरनने त्या दिवसापासून बॅट हातात घेतली नाही. निमिषाशी बोलणे तोडले. एकदा मी तिच्या खोलीत चहा घेऊन गेलो तेव्हा तिने पाठमोरेच विचारले, "डॅडा, डिड आय विन?" माझी मुलगी मराठी समजते आणि इंग्रजीत उत्तर देते. मला त्या दिवशी दोन्ही भाषांत उत्तर आले नाही.

तोवर तुम्ही आजारी पडला होतात आणि ते कोणाला कळू न देता क्लबमध्ये येत होतात. इस्पितळात तुम्हाला भेटायला आलो तो मी रागाने पेटून आलो होतो. वाटेत सगळी वाक्ये जुळवली होती. आणि तुमच्या उशाशी बसल्यावर मी काय म्हणालो? "कोच, बरं वाटतंय का?" मग बऱ्याच वेळाने, जणू औषधाची वेळ विचारावी तसे विचारले, "तुम्ही निमिषाला सांगितलं होतं का?"

तुम्ही खिडकीकडे पाहत राहिलात. "टीमला मेडल पाहिजे होतं."

"म्हणजे हो?"

"जाणून काय करणार, मिस्टर बॉस्को?"

मी "ठीक आहे, विश्रांती घ्या," म्हणालो आणि उठलो. माझ्या या मृदूपणाला लोक सज्जनपणा म्हणतात. मी आता त्याला तसे म्हणणार नाही. तुमच्यावर ओरडण्याइतका मी तुम्हाला आपला मानला असता, तर त्या दिवशी ओरडलो असतो. त्यानंतर तुम्ही शुद्धीवर फारशा नव्हतात, आणि मग नव्हताच. तुमची शवपेटी विमानाने मायदेशी गेली आणि इथे आमच्या हाती तुमचे मौन राहिले.

काल सभा संपल्यावर मी आणि शॅरन बाहेर पडत होतो. ती केवळ मी विनवल्यामुळे आली होती. चेंडू ठेवायच्या खोलीजवळ निमिषा वाट पाहत उभी होती. त्या दोघी इंग्रजीतच बोलतात. मी ते मराठीत मांडतो आहे.

"अंकल, तुम्हीपण थांबा," निमिषा म्हणाली. "मला तुमच्यासमोर बोलायचंय. कोचने मला सांगितलं होतं. इथेच, या दारात. म्हणाल्या, उद्या शॅरनला जाऊ दे, तिकडच्या मुलींना चॉप खेळता येत नाही."

शॅरनने माझ्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. थकवा होता. "थँक यू," ती म्हणाली. "आता खात्री झाली."

"ऐक तरी! मी हो म्हटलं. आणि मी सोडली नाही. मला इतका राग आला होता की मला तुझं नाक फोडायचं होतं. मी जीव तोडून खेळले. आणि हरले."

"मग बाकीच्या मुलींना तसं का सांगितलंस?"

निमिषा रडू लागली. "सगळे हसत होते. चॉप मारणारीकडून हरलीस म्हणून. मग मी म्हटलं, कोचने सांगितलं होतं. ते खरंच होतं ना, सांगितलं तर होतंच. मॅच संपल्यावर कोचने माझ्याजवळ येऊन शुक्रन म्हणून आभार मानले. मी गप्प राहिले. काय बोलणार? मग त्या हॉस्पिटलमध्ये होत्या तेव्हा मी एकटी गेले आणि सगळं सांगितलं. कोच, मी ऐकलं नव्हतं तुमचं, मी खरी खेळले होते."

"मग त्या काय म्हणाल्या?" हे मी विचारले.

"माझा गाल थोपटला. म्हणाल्या, यू आर अ गुड गर्ल, निमिषा. अगदी तशीच आहेस."

कोच, कोणासारखी हे तुम्ही तिला सांगितले नाहीत. मला सांगायची गरज नव्हती. आयुष्यात एकदा यिंगने तुम्हाला खरे सांगितले आणि तुम्ही ते दया म्हणून परत पाठवले. मरणाच्या दारात एका पोरीने येऊन तेच सांगितले आणि तुम्ही तिलाही तेच केलेत. इतक्या वर्षांत तुमच्यासमोर दुसऱ्यांदा सत्य चालत आले होते, तेही तुमच्या अपराधातून तुम्हाला सोडवायला, आणि तुम्ही त्याचा गाल थोपटलात! तुमच्या आजाराची, वेदनांची मला जाणीव आहे. तरीही मी हे सौम्य करून लिहिणार नाही.

कारण तेव्हाच तुमची विद्या माझ्या मुलीतही उतरलेली मी पाहिली. शॅरन म्हणाली, "तू चांगली आहेस, निमिषा. म्हणून असं बोलतेस." जवळजवळ तुमचेच शब्द.

निमिषा म्हणाली, "चल मग. टेबल उघडू. आत्ता खेळू."

"काय उपयोग? मी जिंकले तर म्हणेन तू सोडलीस. तू जिंकलीस तर म्हणेन तेव्हा सोडली होतीस."

खरे होते. पंच म्हणून इतकी वर्षे खुर्चीत बसलो, पण इथे मोजता येण्यासारखे काही नव्हते. आतून खुर्च्या गोळा केल्याचा आवाज येत होता. शॅरन जायला वळली, दोन पावले गेली आणि थांबली. मागे न पाहताच तिने विचारले, "शेवटचा पॉइंट. तू तो बाहेर का मारलास?"

"कुठला बाहेर मारला? तू मला फसवलंस!"

"काय फसवलं?"

"तू बॅट फिरवलीस! टेबलाखाली! मी लाल बघितलं होतं, लांब दाण्यांची बाजू. मला वाटलं जड चेंडू येणार, म्हणून मी पूर्ण खालून उचलला. आणि त्यात काहीच नव्हतं! तू फिरकी दिलीच नव्हतीस! गेला उडत!"

"मी फिरवली नव्हती."

"खोटं बोलू नकोस. काळी, गुळगुळीत बाजू होती. मला चेंडू लागल्याचा आवाजपण आठवतो. वेगळा आला होता."

"आवाज काय आठवतो! तू लक्ष देत नव्हतीस."

"मी लक्ष देत नव्हते? पॉइंट माझा असायला हवा होता! मी तो किती वेळा आठवलाय माहितीये? झोपताना, अंघोळ करताना, फिजिक्सच्या पेपरला! बॅट फिरवतेस आणि वर तोंड करून—"

शॅरन वळली. तिचा चेहरा बदलत चालला होता आणि निमिषाला ते कळत नव्हते, ती हातवारे करून तो चेंडू पुन्हा पुन्हा उचलून दाखवत होती. डोळ्यांत पाणी आणि आवाजात धगधगता संताप. हरायचे ठरवून हरलेल्या माणसाला एका चेंडूचा असा संताप येत नाही. प्रेक्षकांतून पाहणाऱ्या कोणालाही तो फटका निमिषाने मुद्दाम बाहेर घालवल्यासारखा दिसला असता आणि पंचालाही तसाच दिसला असता. तो चेंडू खरा कसा गेला हे जगात दोघींनाच ठाऊक होते, एक जिने फसवले ती आणि एक जी फसली ती.

"हो, फिरवली होती," शॅरन म्हणाली. "कोचने शिकवलं होतं. कोणाला दिसत नाही म्हणाल्या होत्या."

"मला दिसलं!"

"उशिरा दिसलं."

"गप्प बस, शॅरन."

"तुझा बॅकहँड तसाही भिकारच आहे."

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या की हसल्या ते मी पाहिले नाही. मी पुढे जाऊन गाडी सुरू केली आणि निमिषालाही मागे बसवले. घरापर्यंत त्या दोघी त्याच एका सामन्यातले एकेक चेंडू उकरून भांडत होत्या.

म्हणून आज हे लिहितो आहे, कोच, आणि माझा राग उतरलेला नाही. काल रात्रीपासून तो वाढला आहे. तुम्हाला यिंगचा एकेक चेंडू आठवत होता. तिलाही तुमचे आठवत असतील, हे तुमच्या मनात कधी आले नाही? तो फोन ठेवण्याआधी तुम्ही तिला एवढेच विचारायला हवे होते, यिंग, तो अमुक चेंडू तू बाहेर का मारलास? ती चिडली असती, कोच. इतक्या वर्षांनीही चिडली असती, तुम्हाला शिव्या दिल्या असत्या, तुम्ही त्या चेंडूत काय भरले होते ते तुम्हालाच ओरडून सांगितले असते. तिच्या त्या चिडण्यात तुम्हाला तुमचे जगज्जेतेपद ऐकू आले असते.

माझी मुलगी आज सकाळी क्लबला गेली आहे. माझा यिंगवर विश्वास आहे. तुम्ही तो सामना जिंकला होतात.